डागवाल्या काकू

"वहिनी, धूर! अहो वहिनी, धूर येतोय!"

हातातली चष्म्याची फ्रेम टाकून भाऊजी दुकानाबाहेर पळाले. काकू जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्यासमोर उघड्या पडलेल्या फोनमधली बॅटरी उशीसारखी टम्म फुगली होती आणि तिच्या एका कोपऱ्यातून पांढरट धुराची बारीक रेघ वर चढत होती. काकूंनी लांब चिमट्याने ती अलगद उचलली, पायाशी ठेवलेल्या वाळूच्या बादलीत सोडली, वरून दोन ओंजळी वाळू लोटली आणि बादली पायानेच ढकलत पायरीवर नेऊन ठेवली. आत काहीतरी फुस्स झाले, वाळू जराशी उसळली आणि खाली बसली.

"गेली," काकू म्हणाल्या.

"ती गेली तर गेली! आपण आहोत ना?" भाऊजी रस्त्याच्या पलीकडून ओरडले.

"तुम्ही तर पलीकडेसुद्धा पोचलात. चपला मात्र इथंच राहिल्या."

फोनची मालकीण, कॉलेजात जाणारी एक मुलगी, भिंतीला पाठ लावून उभी होती. आदल्या दिवशी तिने घरीच फोन उघडून, भाजी चिरायच्या सुरीने ती बॅटरी उचकटायचा प्रयत्न केला होता.

"व्हिडिओत त्या माणसानं तसंच काढलं होतं हो," ती कशीबशी म्हणाली.

"त्यानं त्याआधी किती जाळल्या, ते व्हिडिओत नसतं," काकू म्हणाल्या. "चिकटवलेली बॅटरी उचकटायची नसते गं. मागून दोरा घालून गोंद कापत आणायचा. आणि असली भोसकलेली बॅटरी पर्समध्ये घालून फिरायचं तर मुळीच नाही." मग त्यांनी तो उघडा फोन भिंगाखाली धरला आणि त्यांचा सूर बदलला. "पण उघडलास फार नीट. एक स्क्रू मोडला नाहीस, एक पट्टी फाटू दिली नाहीस. हात चांगला आहे तुझा."

मुलीला वाटले, आपली थट्टा चालली आहे. पण काकू थट्टा करत नव्हत्या. घरी बसून आपल्या हाताने फोन उघडणाऱ्या माणसांबद्दल त्यांना मनापासून आपुलकी होती. त्यांना रागावायचे असेल तेवढे त्या रागावायच्या, पण वेड्यात कधी काढायच्या नाहीत. कारण त्या स्वतःही अशाच शिकल्या होत्या.

त्याआधीची बावीस वर्षे काकूंनी टीव्हीचे रिमोट बनवणाऱ्या कारखान्यात काढली. लाइनवर बसायचे, समोर आलेल्या पट्टीवर कथलाचा डाग द्यायचा, पट्टी पुढे ढकलायची. डाग म्हणजे तारेचा सांधा. तो गोल, चकचकीत आणि बरोबर टाचणीच्या डोक्याएवढा हवा. दिवसाला हजार-बाराशे डाग. इतक्या वर्षांत बोटांच्या टोकांवरच्या रेघा पुसून गेल्या. कारखान्यात अंगठा लावून हजेरी घ्यायचे यंत्र आले, तेव्हा त्या यंत्राने काकूंना कधीच ओळखले नाही. शेवटी त्यांच्या नावापुढे रखवालदाराला सही करावी लागायची.

मग एक दिवस कारखाना बंद पडला. काका त्याच लाइनवर सुपरवायझर होते. त्यामुळे घरातले दोन्ही पगार एकाच दुपारी थांबले. काका सहा महिने भिंतीकडे तोंड करून बसले. सातव्या महिन्यात ते उठले आणि स्वयंपाकघरात शिरले, ते आजतागायत तिथेच आहेत. काकूंनी घरातला बिघडलेला फोन उघडला. तो पुरता मेला. दुसरा उघडला, तोही मेला. तिसरा लागला. "आमच्याकडे भाजीला मीठ ते घालतात आणि फोनला डाग मी देते," असे त्या कोणी विचारले तर सांगायच्या आणि स्वतःच खुदकन हसायच्या.

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. त्यांचे चष्म्याचे दुकान. त्यांनी आपल्या काउंटरचा हातभर तुकडा वहिनीला दिला, वर एक जुने भिंगही दिले. लोक आधी चष्मा न्यायला यायचे आणि ही बाई कोण म्हणून बघायचे. दोन-तीन वर्षांत उलटे झाले. लोक डागवाल्या काकूंना शोधत यायचे आणि इथे चष्मेही मिळतात हे त्यांना नंतर कळायचे.

काकूंकडे एक वही होती. मेलेल्या प्रत्येक फोनचे मरणाचे कारण तिच्यात लिहिलेले असायचे. 'घाई केली.' 'हवा फार गरम.' 'शिंक आली.' आणि त्यांचा एक नियम होता. फोन उघडायच्या आधी समोरच्याला खरे काय ते सांगायचे. आशा किती आहे ते त्या आण्यांत सांगायच्या. "रुपयात बारा आणे" म्हणाल्या की माणूस निश्चिंत घरी जायचा. "आठ आणे" म्हणाल्या की विचारात पडायचा. त्याखाली त्या सहसा कामच घ्यायच्या नाहीत.

अशा त्या दुकानात, कॉलेजवाल्या मुलीचा फोन नव्या बॅटरीची वाट बघत पडलेला असताना, एका दुपारी एक नवराबायको आले.

गृहस्थ उंच, छातीने रुंद. गळ्याभोवती मऊ पांढरे कापड बांधलेले, आणि ते कापड श्वासागणिक किंचित आतबाहेर होत होते. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला फोन काढला, काउंटरवर ठेवला आणि काही न बोलता काकूंकडे पाहत राहिले.

"ह्यांना बोलता येत नाही," बायको म्हणाली. मग थबकली. "म्हणजे येत होतं. ह्या फोनवरून."

हळूहळू सगळे कळले. गृहस्थ भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. पस्तीस वर्षे त्यांच्या आवाजावर टोमॅटो, कोबी, भोपळे विकले गेले. बाजाराच्या एका टोकाला ते उभे राहिले की दुसऱ्या टोकाचा हमाल मान वर करायचा. दोन वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावे लागेल, पंधरा दिवसांनी ऑपरेशन, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या पंधरा दिवसांत मुलीने त्यांना बसवले आणि जन्मभर लागतील अशी वाक्ये त्यांच्या आवाजात ह्या फोनवर भरून घेतली. सगळी मिळून सहाशे बारा. ऑपरेशननंतर ते फोनवर बोट ठेवायचे आणि फोन त्यांच्या आवाजात बोलायचा. दूधवाल्याशी, डॉक्टरांशी, बायकोशी.

"आणि कुठं दुसरीकडे ठेवली नाहीत?" काकूंनी विचारले.

"मुलगी म्हणाली होती, आपोआप जपली जातात. ती लांब असते. नंतर कळलं, तिकडची जागा भरली होती म्हणे. तसं फोनवर रोज लिहून यायचं. आम्ही ते पुसून टाकायचो."

फोनची ती जातच तशी होती. काही महिने चालायचा, मग आपोआप बंद व्हायचा, सुरू व्हायचा, पुन्हा बंद. कंपनीच्या लोकांनी सांगितले, आतला बोर्ड बदलून देऊ. बोर्ड बदलला की आतले सगळे जाणार. शहरातल्या मोठ्या दुरुस्तीवाल्याने तर फोन उघडून पाहिला आणि हातच जोडले. कारण तोवर एक गोष्ट घडून गेली होती.

"ह्यांनी तो ओव्हनमध्ये घातला," बायको म्हणाली.

गृहस्थांनी मान खाली घातली.

"मी बाहेर गेले होते. ह्यांनी कुठला तरी व्हिडिओ बघितला. फोन उघडला, आतली ती बोर्डाची पट्टी काढली आणि दिली भाजायला. घरी आले तर स्वयंपाकघरात हा वास!"

"मग?" काकू पुढे वाकल्या.

"मग काय, लागला की! सतरा दिवस चालला. अठराव्या दिवशी पुन्हा बंद. तर ह्यांनी पुन्हा घातला."

काकूंनी फोन उघडला, भिंगाखाली धरला आणि बराच वेळ पाहिला. बोर्डाच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. चार्जिंगचे तोंड वितळून वाकडे झाले होते. "पहिल्यांदा किती मिनिटं?"

गृहस्थांनी आठ बोटे दाखवली.

"दुसऱ्यांदा?"

दहा. मग आणखी दोन.

"आणि पट्टी कशावर ठेवली होतीत? थेट जाळीवर?"

त्यांच्याकडे एक छोटी पाटी होती. तिच्यावर त्यांनी लिहिले : 'फॉइलच्या गोळ्या. चार कोपऱ्यांना. खालून हवा जावी म्हणून.'

"हे व्हिडिओत होतं?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि स्वतःच्या कपाळावर बोट ठेवले.

"छान," काकू म्हणाल्या. "म्हणूनच पहिल्यांदा वाचला."

"अहो, त्यांना शाबासकी कसली देताय!" बायको कळवळून म्हणाली. "माझ्या केकच्या ओव्हनमध्ये आपला आवाज भाजला ह्यांनी!"

भाऊजींना हसू आवरेना. ते चष्मा पुसायच्या निमित्ताने आत गेले. काकूंनी भिंग बाजूला केले आणि फोनमधल्या एका काळ्या चौकोनी चकतीवर चिमट्याचे टोक टेकवले.

"हा ह्याचा मेंदू. खालून बारीकबारीक शेकडो डागांवर बसवलेला असतो. त्यातले काही सुटलेत. ते पुन्हा धरायला हवेत, तेही थोडाच वेळ. तेवढ्यात आतली वाक्यं बाहेर काढायची. फोन पुन्हा नीट होईल म्हणून मी सांगत नाही. आशा म्हणाल तर, रुपयात चार आणे."

बायकोचा चेहरा उतरला. गृहस्थांनी पाटी पुसली आणि भराभर लिहिले : 'चार आण्यांवर मी अख्खा ट्रक विकलाय.'

काकूंनी ते वाचले. आठ आण्यांच्या खालचे काम त्या घेत नसत. "मला आठ दिवस द्या," त्या म्हणाल्या.

त्या आठ दिवसांत काकूंनी गृहस्थांच्या फोनला बोटही लावले नाही. भंगारवाल्याकडून त्यांनी त्याच जातीचे तीन मेलेले फोन आणले. मोठ्या दुरुस्तीवाल्यांकडे बोर्ड खालून तापवायचे यंत्र असते. काकूंकडे होता फक्त एक ब्लोअर, वरून गरम हवा सोडणारा. नुसत्या वरच्या हवेने बोर्ड वाकला असता. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि त्यांची नजर भाऊजींच्या तव्यावर गेली. चष्म्याच्या काड्या वाकवण्याआधी त्या मऊ करण्यासाठी भाऊजी काचेच्या बारीक मण्यांनी भरलेला एक विजेचा खोल तवा वापरायचे. मणी सगळीकडून सारखे तापतात.

"वहिनी, त्यात माझ्या फ्रेमा शेकतात. फोन नाही," भाऊजी म्हणाले.

"तुमच्या फ्रेमा काय बोलतात का?"

"म्हणजे?"

"हा बोलतो. द्या इकडे."

पहिला बोर्ड मण्यांवर शेकला, कथील नीट पसरावे म्हणून वरून राळ लावून ब्लोअर दिला, तर चकतीच टचकन उडाली. वहीत नोंद झाली. दुसरा जिवंत झाला. पडदा उजळला तसे भाऊजींनी टाळी वाजवली. पण चार मिनिटांत चकती तापली, डाग पुन्हा सुटले आणि पडदा काळा झाला. काकूंनी सहज चकतीवर अंगठा दाबला, तर पडदा परत उजळला. अंगठा उचलला, गेला. दाबला, आला.

मग त्यांनी दाबायला छोटा शिकंजा लावून पाहिला. शिकंजा निर्जीव, त्याला किती दाबायचे ते कळेना. बोर्ड तापून जरासा हलला की त्याच्याबरोबर दाब हलायला हवा. तिसरा बोर्ड शिकंज्याखाली काडकन तडकला. आता काकूंच्या हाती अंगठ्याशिवाय काही उरले नाही.

आणखी एक अडचण होती. वितळलेल्या तोंडातून केबल जात नव्हती, आणि ते बोलणारे अ‍ॅप सगळी वाक्ये एकदम बाहेर द्यायचे नाही. एकेक वाक्य निवडायचे आणि हवेतून संगणकावर पाठवायचे. काकूंनी हिशेब केला. एका वाक्याला चार-पाच सेकंद. सहाशे बारा वाक्यांना पाऊण तास.

त्या दिवशी घरी जेवणे झाल्यावर त्यांनी टेबलावर रबराचा पातळ तुकडा ठेवला आणि त्यावर अंगठा दाबून बसल्या. काकांना घड्याळ लावायला सांगितले. बाराव्या मिनिटाला मनगट दुखू लागले. विसाव्या मिनिटाला हात थरथरायला लागला.

"नाही म्हणून सांग त्यांना," काका म्हणाले. "तुझा अंगठा म्हणजे काही लोखंडाचा नाही."

"सांगेन की. मग ते कुणाकडे जातील?"

काका उठून आत गेले आणि येताना जाड टॉवेलची घडी घेऊन आले. काकूंचे कोपर उचलून त्यांनी ती खाली सरकवली, खुर्ची जराशी पुढे ओढली, खांदा दोन बोटांनी खाली दाबला.

"लाइनवर किती वेळा सांगायचो, कोपर टेकवा म्हणून. ऐकायचीस कधी?" ते म्हणाले. "जोर खांद्यातून येऊ दे. अंगठ्यानं दाबू नकोस, अंगठ्यावर टेक. हं. आता लावतो घड्याळ."

काकू चाळीस मिनिटे बसल्या. कारखाना बंद पडल्यापासून काकांच्या तोंडी सुपरवायझरचा सूर पहिल्यांदाच आला होता. काकूंच्या ते लक्षात आले, पण बोलून दाखवले तर तो पुन्हा हरवेल, म्हणून त्या गप्प राहिल्या.

रविवारी दुकान बंद होते. अर्धे शटर खाली ओढून पाचही जण आत बसले. काका टॉवेलची घडी घेऊन स्वतः आले होते. मणी तापले. काकूंनी गृहस्थांचा भाजलेला बोर्ड मण्यांवर ठेवला, राळ लावली आणि ब्लोअर हातात घेतला. राळेचा वास दुकानभर पसरला. दोन मिनिटांनी चकतीच्या कडेला कथील क्षणभर चमकले. काकूंनी चिमट्याच्या टोकाने चकतीला केसभर धक्का दिला. ती हलली आणि आपसूक जागेवर बसली.

बोर्ड निवला. सुट्या तारांनी बॅटरी जोडली, पडदा जोडला, मागून पंखा लावला. काकूंनी चकतीवर रबराचा तुकडा ठेवला, कोपर टेकवले आणि त्यावर अंगठा रोवला.

पडदा उजळला.

बायकोच्या तोंडून हुंदका की हुंकार, काहीतरी निघाले. "आता पहिल्यापासून," काकू गृहस्थांना म्हणाल्या. "शोधत बसू नका, ऐकत बसू नका. नुसती पाठवत सुटा. कुठं थांबेल ते माझ्या हातात नाही."

गृहस्थांचे बोट चालू लागले. संगणकासमोर भाऊजी बसले होते. वाक्य आले की आकडा बोलायचा, एवढेच त्यांचे काम.

"एक आलं. दोन. तीन. चार..."

शंभरापर्यंत भाऊजींचा आवाज कापत होता. दीडशेनंतर त्यांना ठेका सापडला. "एकशे ऐंशी! एक्क्याऐंशी! ब्याऐंशी!" त्यांच्याही नकळत ते पुकारायला लागले. गृहस्थांनी एकदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. पस्तीस वर्षे आकडे पुकारलेला तो माणूस उजव्या हाताने वाक्ये पाठवत होता आणि डाव्या हाताने, बाजारात करायचा तसा, भाऊजींना खुणेने सांगत होता, वर, आणखी वर, आवाज चढू द्या!

"तीनशे! तीनशे एक!"

काकूंना यातले काही दिसत नव्हते. त्यांचे सगळे लक्ष अंगठ्याखाली होते. चकती तापत चालली होती. रबरातून ऊब आली, मग चटका. चकती जराशी डावीकडे कलते आहे असे वाटले की त्या अंगठा केसभर डावीकडे झुकवायच्या. हजेरीच्या यंत्राने ज्या बोटांना कधीच ओळखले नव्हते, त्यांना त्या चकतीची प्रत्येक हालचाल कळत होती. काका शेजारी उभे होते. दर पाच मिनिटांनी फक्त एवढेच म्हणायचे, "खांदा."

पस्तिसाव्या मिनिटाला, चारशे एकतीसवर, पडदा गेला.

"थांबा," काकू म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले. अंगठा उचलला नाही, फक्त त्याचा कोन बदलला. पडदा उजळला. फोन सुरू व्हायला लागलेला तो मिनिटभराचा वेळ कुणालाच सरता सरेना. मग बोट पुन्हा धावले. बत्तीस. तेहतीस. चौतीस. भाऊजी आता पुकारत नव्हते, कुजबुजत होते. "छत्तीस. सदतीस. अडतीस..."

एक जळकट वास आला. पडद्यावर आडवी रेघ उमटली, मग काहीच नाही.

काकूंनी कोन बदलून पाहिला. दाब वाढवून पाहिला. कमी करून पाहिला. दहा मिनिटे त्या तशाच बसून राहिल्या. शेवटी काकांनी त्यांचे मनगट धरले आणि अंगठा हळूच उचलला. खाली टपोरा फोड आला होता.

"मेला," काकू म्हणाल्या. "चारशे अडतीस आली. एकशे चौऱ्याहत्तर राहिली. माझ्या हातून राहिली."

गृहस्थांनी जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. बायकोने पिशवीतून एक वही काढली. कुठल्या आकड्याला कुठले वाक्य, ते मुलीने तिच्यात लिहून ठेवले होते. चारशे एकोणचाळीसचे पान तिने उघडले, वाचले आणि तिचा चेहरा विचित्र झाला.

"काय होतं?" भाऊजींनी विचारले.

"'चुकलं माझं,'" तिने वाचले. मग वही मिटली. "जाऊ दे. आवाज होता तेव्हा तरी हे कुठं म्हणाले होते!"

भाऊजींनी संगणकावर सहज एका वाक्यावर टिचकी मारली. दुकानातल्या काचा थरथरतील असा भरदार, खर्जातला आवाज आला : "अगं, ऐकतेस का?"

"हं, काय?" बायको पटकन वळून म्हणाली.

आणि मग ती मटकन स्टुलावर बसली. काकूंनी दुखऱ्या हाताने तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवशी काकूंनी आपल्या वहीत काही लिहिले नाही. त्यांना लिहिता येण्यासारखे नव्हतेच. पण दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात, त्यांनी ते लिहिले : 'मागच्या पंख्याने पुरले नाही. खालून गारवा हवा होता.'

अंगठा महिनाभर बधिर होता. वेणी काका घालून द्यायचे, आणि वाईट घालायचे. डॉक्टर म्हणाले, शीर दबली आहे, कामाला सुट्टी द्या. काकूंनी सुट्टी घेतली नाही, डाव्या हाताने शिकायला सुरुवात केली. कॉलेजवाल्या मुलीचा फोन त्यांनी डाव्या हातानेच पुरा केला. नवी बॅटरी मात्र त्या मुलीकडूनच बसवून घेतली.

महिन्याभराने एका सकाळी ते नवराबायको पुन्हा आले. काकू एका फोनचा बोर्ड मांडून बसल्या होत्या. राळ लावून झाली होती, ब्लोअर डाव्या हातात होता. गृहस्थांनी नवा फोन काढला आणि त्यावर बोट ठेवले.

"नमस्कार! कसं काय?" त्यांचा आवाज दुमदुमला. चष्मा लावून बघणारे एक गिऱ्हाईक दचकून मागे वळले.

"आम्ही मजेत," काकू हसून म्हणाल्या. "तुम्ही?"

"मी बरा आहे." पुन्हा तोच आवाज. मग गृहस्थांनी काकूंच्या अंगठ्याकडे पाहिले. भुवया वर करून विचारले. काकूंनी अंगठा वाकवून दाखवला. तो अजून पुरता वाकत नव्हता. गृहस्थांचा चेहरा कसनुसा झाला. त्यांनी खाली बघून फोनवर शोधले आणि बोट टेकवले.

"चुकलं माझं," फोन म्हणाला. पण हा आवाज त्यांचा नव्हता. बायकोचा होता.

काकूंना क्षणभर कळेना. त्यांनी बायकोकडे पाहिले. तिने मान वळवून रस्त्याकडे बघितल्यासारखे केले.

"राहिलेली एकशे चौऱ्याहत्तर मी भरली," ती म्हणाली. "मुलगी म्हणाली, यंत्राच्या आवाजात भरू. मी म्हटलं, घरात परकं माणूस कशाला?"

"म्हणजे आता चुकणार हे, आणि माफी मागणार तुम्ही?" भाऊजी म्हणाले.

"पस्तीस वर्षं दुसरं काय चाललंय? आता फोनमध्ये भरलं, एवढंच."

गृहस्थांचे खांदे हलायला लागले. तोंड उघडले होते, डोळ्यांत पाणी आले होते, गळ्यावरचे कापड भरभर फडफडत होते, आणि आवाज अजिबात नव्हता. हसता हसताच त्यांनी फोन वर धरला, यादी सरकवत अगदी तळाला नेली आणि बोट ठेवले. फोनमधून बायकोचे हसू बाहेर पडले. आधी अवघडलेले, मग खळखळून, मग श्वास लागेपर्यंत.

"ते वहीत सगळ्यात शेवटी होतं," बायको हळू आवाजात काकूंना म्हणाली. "नुसतं 'हसणं' असं लिहिलेलं. मला त्या फोनसमोर येईचना. ह्यांनी समोर बसून तोंडं वेडीवाकडी केली, तेव्हा आलं."

हसू बराच वेळ चालले होते. गृहस्थ दोन्ही हातांनी फोन छातीपाशी धरून उभे होते. काकूंच्या समोरचा बोर्ड तयार होता, राळ वाळत चालली होती. ते हसू संपेपर्यंत काकूंनी ब्लोअर सुरू केला नाही.